तुमचा कॅम, माझं तेल

ऐका. मध्येच बोलायचं नाही. एवढं एक तुम्हाला आता जमेल.

तुम्ही गेल्यापासून या घरात माझं ऐकणारं कुणी राहिलेलं नाही, ऐकवणारे मात्र पायलीला पन्नास आहेत. दिवस घालून झाले तरी मी वरच्या आतल्या खोलीत चटईवरच बसून होते. जिना उतरायचा नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, चहा नको झाला तरी नको म्हणायचं नाही. येणारी प्रत्येक बाई दारात एकदा मोठ्यानं रडायची आणि मग समोर बसून हळू आवाजात तेच सांगायची, "आता त्यांनी ठेवलंय तसं सगळं ठेवायचं बघ." मी मान हलवायची. खाली आपली शेड, शेडमध्ये तुमचं ग्राइंडिंग मशीन, आणि ते बंद. लग्न होऊन उद्यमबागेच्या या मागच्या गल्लीत आल्यापासून भर दिवसा ते मशीन बंद असलेलं मी फक्त दसऱ्याला पाहिलं होतं. त्या शांततेनं माझं डोकं उठायचं.

शहापूरची तुमची मावसबहीण आली होती. रडून झाल्यावर म्हणाली, "वैनी, राग येऊ दे नको, पण दादा नेमकं काय करायचा गं? आम्ही आपलं गॅरेज गॅरेज म्हणायचो." मला बरं वाटलं, कुणीतरी काहीतरी विचारलं. मी तिला हातवारे करून सांगितलं. इंजिनाच्या पोटात एक सळई असते, कॅमशाफ्ट, तिच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. सळई फिरली की उंचवटा झडप उघडतो, इंजिन श्वास घेतं, उंचवटा सरला की झडप मिटते. हे अंडं बारीक घासायचं का रुंद, झडप थोडा वेळ उघडी ठेवायची का बराच वेळ, त्यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. ते तिचा दादा, म्हणजे तुम्ही, ठरवायचात. आणि त्या सळईला तेल कुठलं पाजायचं, ते मी ठरवायची.

"म्हंजे संसारच की," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, "आणि भांडणं पण तेवढीच."

ती हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. सुतकाच्या घरात हसायचं नसतं ना. मला तिचा राग आला. तुमचं नाव निघाल्यावर हसायचं नाही तर काय करायचं?

माझ्याकडं तेल आलं ते निपाणीहून, हे तुम्हाला काय सांगायचं. गावभर तंबाखूचा वास आणि आमच्या घरात तेलाचा. हायवेला बाबांचं ऑइलचं दुकान, समोर ट्रकांची रांग. दोन बोटांत थेंब धरून ताणला की त्यात दम आहे की नाही हे मला शाळेत असल्यापासून कळायचं. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही, बाबांशी जाड तेल का पातळ तेल यावर वाद घालत बसलात. मी आतनं ऐकत होते. शेवटी न राहवून दारात आले आणि म्हटलं, "जाड तेल सकाळच्या गारठ्यात वर चढायला वेळ लावतंय. तोवर कॅम कोरडाच फिरतोय, त्याचं काय?" तुमच्या आई, आमच्या आत्ती, दचकल्या. तुम्ही मात्र तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंत. घरी जाताना रिक्षात बसायच्या आधीच होकार कळवलात म्हणे.

आता गोडगोड झालं म्हणून हुरळून जाऊ नका. बाबांच्या तेलाचं मी विसरलेले नाही.

आपल्या शेडमधलं पहिलं इंजिन. जुन्या जीपचं, कॅम तुम्ही घासलेला, तेल बाबांनी निपाणीहून स्वतः आणून दिलेलं. आत्तींनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाल्या, "सावकाश चालू कर रं, लेकरू हाय ते." तुम्ही इंजिन अगदी हळू लावलंत. ते गुरगुरत राहिलं आणि आत्ती ओवाळत राहिल्या. गणपतीची आरती झाली, देवीची झाली, शंकराची झाली. सगळी गल्ली टाळ्या वाजवत उभी होती. त्यानंतर आठवडाही गेला नाही, इंजिन टकटक वाजायला लागलं. उघडून बघितलं तर कॅमची नाकं, म्हणजे उंचवट्यांची टोकं, झिजून सपाट. तेलात सगळी लोखंडाची चकाकी.

तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "तुझ्या बापाचं ट्रकचं तेल." एवढंच. पण कळलं म्हणून निपाणीहून आलेले बाबा तिथंच उभे होते.

बाबांनी वाद घातला नाही. उरलेला डबा उचलला आणि निपाणीची बस धरली. त्यानंतर ते आपल्या घरी यायचे, वर यायचे, चहा घ्यायचे, पण शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. जिन्यावरनं चढताना शेडकडं बघायचेसुद्धा नाहीत. तुम्हाला हे दिसत नव्हतं असं म्हणू नका. तुम्हाला एक झडप केसभर जास्त उघडली तरी कळायचं.

दुसऱ्या इंजिनाला तुम्ही शहरातनं महागाचं सीलबंद तेल आणलंत. पुन्हा हार, पुन्हा आरती, पुन्हा नाकं सपाट. तेव्हा मी फक्त तुमच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकली. तिसऱ्याच्या वेळी आत्ती भावाकडं बेळगुंदीला गेल्या होत्या. पूजा नाहीच. इंजिन लावल्या लावल्या तुम्ही सेटिंग करायला त्याचा वेग वर चढवून धरलात, बराच वेळ, आणि ते इंजिन टिकलं. टिकलंय हे दिसलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. शेडमध्ये खुर्चीवर बसून राहिलात आणि मला वरनं दिसत होतं की तुम्हाला कळलंय.

मलाही कळलं होतं. नव्या कॅमला सावकाश चालणं सोसत नाही. इंजिन जोरात फिरलं तरच खालचं तेल उडून कॅमवर पडतं. हळू चाललं की तेल पडत नाही आणि स्प्रिंगचा दाब तर पुरा असतो, लोखंडावर लोखंड घासतं. पहिली वीस मिनिटं त्याला चढंच ठेवावं लागतं, तेवढ्यात ते अंगाअंगाला बसतं, मग जन्मभर कसंही चालवा. आपण काय करत होतो, तर देवासमोर त्याला मर्यादेनं उभं करत होतो. तेल बिचारं चांगलं होतं. उलट ट्रकच्या तेलात जस्त जास्त, नव्या कॅमला त्याच्यासारखं दुसरं तेल नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नियम केलात. पहिल्या सुरुवातीला शेडचं शटर अर्धं खाली, आत कुणी नको, आरती नको, नारळ नंतर. आत्ती दोन दिवस फुगून बसल्या. असं का, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. आणि बसूला, म्हणजे शेडमध्ये तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या बसवराजला, माझ्यासमोर सांगितलंत, "या शेडमधनं इंजिन भाईर जाताना तेल ही सांगंल तेच. माझं पण चालणार न्हाय." मी त्याला माफी समजून घेतलं. खरंच घेतलं. त्यानंतर इतकी वर्षं तुम्ही शब्द पाळलात. पातळ नवीन तेलांचं तुम्हाला वेड लागलं होतं तेव्हाही मी नाही म्हटलं की तुम्ही कुरकुरत का होईना गप बसायचात. एकदा मला न सांगता ओतलं होतंत, मी तेल मोजायच्या काडीवरचा थेंब बोटांत धरून ओळखलं, आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखं बसूचं नाव घेतलंत.

पण बाबांनी ती माफी कुठं घेतली? त्यांना कळलीच नाही. मी म्हणायची, "एकदा निपाणीला जाऊन एवढंच सांगा, तेल चांगलं होतं." तुम्ही म्हणायचात, "सांगू की." सणाला गेलो, लग्नाला गेलो, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात गेलो. तुम्ही त्यांचे पाय चेपलेत, स्वतः, जावई असून. पण ते तीन शब्द काही तोंडातनं निघाले नाहीत. बाबा गेले. मी तुम्हाला सगळं माफ केलं असेल, हे केलेलं नव्हतं.

आता रोहितच्या इंजिनाकडं येते. कॅम्प भागातला रोहित, आजोबांची जुनी गाडी मातीतल्या शर्यतीला उतरवायची म्हणून तुमच्या मागं लागलेला. तुम्ही आयुष्यभर मवाळ कॅमचे. मोठा कॅम मागायला आलेल्या पोरांना "आवाज पायजे तर फटाके घ्या" म्हणून वाटेला लावायचात. शेतावरच्या पंपांची इंजिनं, जनरेटर, जीपा, सगळं कसं खालनं, म्हणजे कमी वेगातच, ओढणारं, शांत, टिकाऊ. आणि या इंजिनाला तुम्ही एकाएकी भला थोरला कॅम घासायला घेतलात. मी चाळीस प्रकारे सांगितलं. मातीचं मैदान, पावलापावलाला वळण, गाडी वर चढायच्या आतच पुन्हा ब्रेक. तिथं खालनं ओढ पाहिजे. हा कॅम वर गेल्यावर गाणार, पण वर जायला देणार कोण? तुम्ही म्हणालात, "एकदा वरपर्यंत ओरडू दे की गं."

"का पण?"

"संध्याकाळी सांगतो," म्हणालात आणि जिना उतरलात. दुपारी बसू धावत वर आला. तुम्ही मशीनपाशी खुर्चीवर बसल्या बसल्या गेला होतात. कॅम घासून पुरा झाला होता, पुसून कापडावर ठेवला होता.

मग मला सांगा, मी काय करायचं होतं? तुम्ही होतात तोवर तुमचं मत हे एक मत होतं. त्याच्यावर मी सकाळी बोलायची, जेवताना बोलायची, पाठ फिरवून झोपताना बोलायची. तुम्ही गेलात आणि तुमचं मत देव्हाऱ्यात जाऊन बसलं. तुमचे धाकटे बंधू, आमचे भावोजी, मला म्हणाले, "वैनी, दादाचं शेवटचं काम हाय. जसंच्या तसं बसवायचं, कुणी काय शानपणा करायचा न्हाय." कुणी म्हणजे मीच. मेलेल्या माणसाशी वाद घालणारी बाई कुणी पाहिली आहे का?

बसू एका दुपारी वर आला. हातात तो कॅम, कापडात गुंडाळलेला. दारात चप्पल काढून उभा राहिला. त्याच्या कानडी ढंगात म्हणाला, "अक्का, मलम तुम्हीच लावायचं. मालक असताना पण तुम्हीच लावत होता." बसवताना कॅमच्या नाकांना जे काळं मलम चोपडतात ते. चटईवर बसल्या बसल्या मी तो मांडीवर घेतला. किती छान घासला होतात हो. आरशासारखा नाही, तसा घासायचाही नसतो, एकसारखा, मऊ. मी एकेका उंचवट्यावरनं अंगठा फिरवला तर तो उंचवटा संपेचना, इतका रुंद. मला रडू आलं ते त्या वेळी. आधी आलं नव्हतं, आणि बायका बोलायला लागल्या होत्या. मी रडत होते आणि मनात म्हणत होते, चूक आहे हा, शंभर टक्के चूक आहे.

महिन्याचं घालायचा दिवस ठरला तशी आत्तींनी इच्छा सांगितली. त्या दिवशी लेकाच्या फोटोसमोर इंजिन चालू करायचं, आणि त्या ओवाळणार. "सावकाश लावा. माझा लेक ऐकत असंल. त्याच्या कानाला तरास नको." ऐंशीच्या घरातली बाई, पोटचा पोरगा गेलेला. तिला नाही कोण म्हणणार? भावोजी म्हणाले, शटर पूर्ण उघडं ठेवू, गल्लीला बोलवू. मला जिना उतरायची परवानगी मिळाली, पण पूजेच्या पुढं यायचं नाही, मागं उभं राहायचं.

इकडं आड आणि तिकडं विहीर. गप्प राहिले तर तुमचा शेवटचा कॅम आरती संपेपर्यंत खलास होणार. बोलले तर महिन्याची विधवा सासूच्या आरतीला आडवी आली म्हणून जन्मभर ऐकणार. आणि लपवून कशाला ठेवू, तिसरंही एक मनात आलं. होऊ दे खलास. नाकं सपाट झाली की तो काढावाच लागेल. मी म्हणेन तसा मवाळ कॅम बसेल, आणि मला कुणाशी एक शब्द बोलावा लागणार नाही. देवाच्या नावावर माझं काम परस्पर होऊन जाईल. दोन दिवस मी हाच विचार करत होते. मग मला माझीच लाज वाटली. तुमचा कॅम चालून हरला असता तर मी म्हटलं असतं, बघा, सांगत होते. आरतीत मेलेल्या कॅमला मी चुकीचा कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्या दिवशी शेड भरली होती. स्टुलावर तुमचा फोटो, हार घातलेला. गाडीचं बॉनेट उघडं, रोहित आत बसलेला, पाठ ताठ करून. तेल मी सकाळीच ओतलं होतं, बाबा विकायचे त्याच जातीचं, डिझेल ट्रकचं. आत्तींनी ताटातली निरांजनं लावली आणि भावोजींनी रोहितला हात केला.

मी मागनं पुढं आले. म्हटलं, "आत्ती, आरती नंतर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भावोजी दबक्या आवाजात म्हणाले, "वैनी, आज तरी ऱ्हाऊ दे."

आत्तींनी ताट तसंच धरलं होतं. म्हणाल्या, "का गं? माझी आरती काय इंजनाला लागती व्हय?"

इथं मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. तुम्ही नेली असती. मला नाही जमत. मी म्हटलं, "लागती, आत्ती. पहिल्या इंजिनाला लागली, दुसऱ्याला लागली. आरतीचा दोष न्हाय, हळू चालवल्याचा. नवा कॅम पहिल्यांदा हळू चालला की झिजतोय. म्हणून तर तुमच्या लेकानं शटर खाली ओढलं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाईत."

आणि हे बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांना तुम्ही का सांगितलं नाहीत ते. 'तेल चांगलं होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता, मग चुकलं कुणाचं? एका बाजूला माझा बाप, दुसऱ्या बाजूला तुमची आई, आणि मध्ये तुम्ही, इतकी वर्षं, मूग गिळून. अहो, मला तरी सांगायचं. मी काय आत्तींशी भांडायला गेले असते? बरं, गेले असते. पण नंतर तुमच्याबरोबर गप्प बसायला कुणीतरी असतं की.

आत्तींनी तुमच्या फोटोकडं बघितलं. निरांजनं जळत होती. मग म्हणाल्या, "म्हंजे निपाणीच्या व्याह्यांचं तेल चांगलं हुतं म्हण की."

मी नुसती मान हलवली. तीन शब्दांसाठी मी तुमच्या मागं एवढी लागले आणि ते बोलल्या कोण, तर तुमच्या आई, भर शेडमध्ये, ज्या शेडमध्ये बाबांचा अपमान झाला होता तिथंच.

त्यांनी ताट बसूच्या हातात दिलं, स्टूल ओढलं आणि तुमच्या फोटोशेजारी बसल्या. "कर चालू," म्हणाल्या.

रोहितनं चावी फिरवली. मी कार्ब्युरेटरचा खटका हातात धरला आणि इंजिन धरल्या धरल्या वर चढवलं. वेगाचा काटा तुम्ही धरायचात तिथंच, थोडा वर, थोडा खाली, पण त्याखाली नाही. शेड धुरानं भरली. भिंतीवरचे स्पॅनर थरथरत होते. गल्लीतली माणसं कानावर हात घेऊन बाहेर पळाली. माझ्या हाताला रग लागली, बसू हात पुढं करत होता, मी नाही दिला. आत्ती दोन्ही कानांत बोटं घालून बसल्या होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर होती. मध्येच उठून माझ्याजवळ आल्या, तोंड कानाला लावून ओरडल्या, "त्यो पण असाच उभा ऱ्हायचा?" मी हो म्हटलं. इतकी वर्षं त्यांनी लेकाला हे करताना पाहिलंच नव्हतं. त्या तिथंच उभ्या राहिल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून, वेळ पुरा होईस्तोवर.

बंद केल्यावर त्यांनी ओवाळलं. गरम इंजिनाला, धुरात, खोकत खोकत. भावोजी कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होते. दुसऱ्या दिवशी मी तेल काढलं आणि उन्हात धरलं. एक चकाकता कण नाही. तुमचा कॅम अंगाअंगाला बसला होता.

तिथं मी थांबले असते तर ही गोष्ट फार छान झाली असती. लोक तिथंच थांबलेत. गल्लीतली पोरं येऊन तो आवाज ऐकून जातात, इंजिन हळू चालताना लंगडतं, घोडा टापा टाकतो तसं, त्याचं व्हिडिओ काढतात. रोहितनं काचेवर तुमचं नाव लिहून घेतलंय.

काल तो माळावर सरावाला जाऊन आला. आल्यावर गाडीतनं लवकर उतरला नाही. मग वर येऊन म्हणाला, "काकू, वर गेली की अंगावर काटा येतोय. असं इंजिन मी जन्मात ऐकलेलं न्हाय. पण वर जायला रस्ताच मिळत न्हाय. वळणातनं निघाली की झोपतीया. सगळ्यात शेवटी येतोय मी." आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "पण ऱ्हाऊ दे. काकांची आठवण हाय. हारलो तर हारलो."

भावोजी पण तेच म्हणाले, राहू दे. बसूचंही तेच होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आता तो पोरगा दर शर्यतीत शेवटी येणार, तुमचं नाव काचेवर मिरवत, आणि सगळे म्हणणार, बघा, केवढा जीव लावलाय. तुमच्या कामावर हा असा जीव लावलेला तुम्हाला चालला असता? शेवटून पहिला? तुम्ही त्याला शेडच्या दारात उभं केलं नसतं.

मी बरोबर होते. पहिल्या दिवसापासून बरोबर होते, खालनं ओढ पाहिजे, मी सांगितलं होतं. तुम्ही असतात तर मी आठवडाभर तुम्हाला सुखानं घास गिळू दिला नसता. 'कोण म्हणत होतं, वरपर्यंत ओरडू दे?' असं पाणी देताना विचारलं असतं, टॉवेल देताना विचारलं असतं. तुम्ही आधी मानलं नसतं, मग कार्ब्युरेटरवर ढकललं असतं, मग रोहितच्या गाडी चालवण्यावर, आणि मग एक दिवस न बोलता तो कॅम काढून रॅकवर ठेवला असता. काल रोहित गेल्यावर मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले, तोंडात सगळं तयार होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. मला जिंकायचं कुठं होतं हो? मला भांडायचं होतं.

रॅकवर तुमच्याच हातचा एक मवाळ कॅम आहे. मलम लावून ठेवलंय, तेल काढून ठेवलंय, बसूला लवकर बोलावलंय. भावोजी माझ्याशी बोलायचे थांबतील, थांबू देत. उद्या सकाळी चहा झाला की मी तुमचा कॅम बाहेर काढणार आहे. अडवायचं असेल तर या.